मार्गदर्शकाचे पान

सोमवार, १५ जुलै १९७४. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी विद्यापीठाच्या आवक विभागाने सत्यशीला खरात यांचा पीएच.डी.चा प्रबंध परत केला. एकूण पाच प्रती होत्या, काळ्या कापडी बांधणीच्या, प्रत्येकी चारशे अठरा पानांच्या. त्या घेऊन ती जालन्याहून पहाटेच्या एसटीने तीन तासांचा प्रवास करून आली होती. विभागातले कारकून साहेबराव यांनी पहिल्या प्रतीचे दुसरे पान उघडले, भिंतीवर टाचलेल्या टंकलिखित यादीवरून बोट फिरवले आणि प्रत मिटली.

"बाई, घेता येत न्हाई."

"काय कमी आहे?"

"कमी काही न्हाई. मार्गदर्शकाचं नाव यादीत न्हाई."

"पाच वर्षांपूर्वी तुम्हीच नोंदणी केली. तुमच्याच विभागाचा शिक्का आहे."

"ती जुनी यादी होती, बाई. मूळ विद्यापीठाची. आता आपली स्वतःची झाली." साहेबरावांनी आवाज खाली केला. "मी वाचून राह्यलो फक्त. यादी मी केली न्हाई."

मार्गदर्शकाचे नाव होते सिराजोद्दीन. जालन्याच्या महाविद्यालयात ते एकवीस वर्षे अर्थशास्त्र शिकवत होते. सत्यशीला त्यांची विद्यार्थिनी होती आणि सहा वर्षांपासून त्याच महाविद्यालयात हंगामी अधिव्याख्याता. वय एकतीस. तिचा प्रबंध जालन्याच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यांतल्या मजुरांवर होता, निजामाच्या राजवटीतल्या शेवटच्या पंचवीस वर्षांतल्या मजुरांवर. नोंदणीची मुदत ३१ ऑगस्टला संपत होती. त्या तारखेपर्यंत प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची तर नवा विषय, नवा मार्गदर्शक आणि किमान तीन वर्षे.

ही "आपली स्वतःची" यादी सहा आठवडे जुनी होती. तोपर्यंत विद्यापीठाला बी.ए. आणि एम.ए.च्या पदव्या देता येत, पीएच.डी. मात्र नाही. संशोधनाचे विषय, परीक्षक, मार्गदर्शक, सगळे मूळ विद्यापीठाच्या, म्हणजे ज्यातून हे विद्यापीठ वेगळे झाले त्याच्या, मंजुरीने ठरे. जालन्याहून पाठवलेला विषय दोन-दोन वर्षे परत येत नसे, आणि आला तर त्यावर एका ओळीचा शेरा असे. १ जून १९७४ रोजी शासनाची अधिसूचना निघाली आणि पीएच.डी. देण्याचा अधिकार विद्यापीठाकडे आला. त्या दिवशी जालन्याच्या महाविद्यालयात पेढे वाटले गेले. प्राचार्यांनी भाषणात १९६८च्या निवेदनाचा उल्लेख केला. मूळ विद्यापीठाच्या जोखडातून सुटका व्हावी म्हणून मराठवाड्यातल्या प्राध्यापकांनी शासनाला दिलेले ते नऊ पानी निवेदन. ते लिहिणाऱ्याचे नाव प्राचार्यांनी घेतले नाही. ते सिराजोद्दीन सरांनी लिहिले होते.

सरांची एम.ए.ची पदवी हैदराबादच्या उस्मानियाची, १९४१ची. तेव्हा तिथे सगळे शिक्षण उर्दूतून होते. अर्थशास्त्राचा प्रबंधही त्यांनी उर्दूत लिहिला होता. १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते देवनागरी पाटीवर गिरवून मराठी शिकले, कारण इथल्या मुलांना मराठीतून शिकवायचे होते. वीस वर्षांनी त्यांनी त्याच मराठीत निवेदन लिहिले. त्यातले पाचवे कलम असे होते: 'मार्गदर्शकांची यादी विद्यापीठाने आपल्या निकषांवर स्वतः करावी, परक्या यादीवर अवलंबून राहू नये.' विद्यापीठाने नेमके तेच केले. नव्या नियमांच्या सातव्या कलमात एक ओळ होती: मार्गदर्शकाची पदव्युत्तर पदवी मराठी, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून मिळालेली असावी.

त्या ओळीने सबंध विद्यापीठात एकच माणूस यादीबाहेर गेला.

दुपारी सव्वा वाजता सत्यशीला अर्थशास्त्र अभ्यासमंडळाचे अध्यक्ष डॉ. अण्णासाहेब मोहोळकर यांच्या खोलीत गेली. नवे नियम त्यांच्याच समितीने केले होते. त्यांनी तिला बसायला सांगितले, चहा मागवला आणि एक प्रत पुढे ओढून पाने चाळली.

"काम चांगलं दिसतंय, खरातबाई. कष्ट दिसतात."

"मग दाखल करून घ्या."

"अहो, दाखल करायचाच आहे. एक पान बदलायचं. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्राचं." त्यांनी चष्मा काढला. "मी माझं नाव देतो. तुमच्यासाठी. नियमात बसतं, मंडळाची हरकत नाही. सिराजोद्दीनसाहेबांचे आभार तुम्ही प्रस्तावनेत माना ना, कोण नको म्हणतंय?"

"सर, पान एकशे बारा उघडा."

"कशाला?"

"उघडा तर. खालची टीप सतरा. तो कागद कुठल्या दप्तरातला आहे?"

त्यांनी पान उघडले. टिपेत उर्दू अहवालाचे नाव देवनागरीत होते. "हे तुम्ही दिलंच आहे की."

"मी दिलं आहे. तुम्ही मार्गदर्शक. परीक्षकानं तोंडी परीक्षेत विचारलं तर? अशा दोनशे सहा टिपा आहेत. कारखाना निरीक्षकांचे अहवाल, तालुकदार कचेरीचं दप्तर. सगळं घाईच्या उर्दू हस्ताक्षरात. सरांनी चार वर्षं दर रविवारी माझ्याशेजारी बसून ओळ न ओळ वाचली. त्यातली एक ओळ तुम्ही वाचून दाखवा, मी आत्ता पान बदलते."

अण्णासाहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "हे बघा, पोरी, मी तुला मदत करायला बसलोय. भांडायला नाही."

"मी पोरगी न्हाई. मी सहा वर्षं शिकवते."

"तर मग व्यवहार कळायला हवा." ते हसले. "एक प्रत ठेवून जा. मार्गदर्शक व्हायचं तर वाचायला नको का?"

तिने प्रत ठेवली. पुढे तिने स्वतःला त्याबद्दल बरेच दिवस दोष दिला.

त्या संध्याकाळी तिच्या आईने, झुंबरबाईंनी, पहिला प्रश्न विचारला तो प्रबंधाच्या वजनाचा. चार प्रती परत का आणल्या, हा दुसरा. झुंबरबाई मूळच्या आष्टीच्या. लग्न होऊन जालन्याला आल्या आणि जिनिंगमध्ये कापूस निवडण्याच्या कामाला लागल्या. एकोणीस वर्षांनी हात दुखतो म्हणून ते काम सोडले. सत्यशीलाने त्यांना सगळे सांगितले.

"मंग त्या सायबाचं नाव कामून?" झुंबरबाई म्हणाल्या. "त्यानं काय केलं?"

"काही न्हाई."

"आमच्या मुकादमाचं बी असंच व्हतं. काम आमचं, अंगठा त्याचा." त्यांनी पोलपाट पुढे ओढला. "त्याला एकदा आमच्यातल्या गिरिजाबाईनं कापसाच्या ढिगात ढकलून दिल्तं. तुझ्याकडं ढीग न्हाई."

सरांना ती दुसऱ्या दिवशी भेटली. सरांनी विद्यापीठाचे नियम आधीच वाचले होते. छापील प्रत त्यांच्या टेबलावर होती आणि सातव्या कलमाखाली त्यांनी पेन्सिलने रेघ मारली होती. बारीक, सरळ रेघ, विद्यार्थ्यांच्या पेपरात मारत तशी.

"बेटा, पान बदलून टाक."

"तुम्ही असं बोलून राह्यले?"

"माझी नोकरी दोन वर्षं राहिली. तुझी अजून सुरूबी व्हायची आहे. माझ्या नावाचा मला आता काय उपयोग?"

"तुमच्या उपयोगाचं मी बोलतच न्हाई. ते काम तुम्ही केलं का न्हाई, एवढंच विचारते."

"केलं."

"मंग खोटं पान कशाला लावू?"

सरांनी नियमांची प्रत खणात ठेवली. त्या शांतपणाचा तिला अण्णासाहेबांच्या हसण्यापेक्षा जास्त राग आला.

१८ जुलैला तिने कुलसचिवांना अर्ज केला. मुद्दा एकच होता: जुन्या नियमांखाली झालेल्या नोंदणीला नवे नियम लावता येत नाहीत. उत्तर ६ ऑगस्टला आले, तीन ओळींचे. अर्ज संबंधित अभ्यासमंडळाकडे अभिप्रायासाठी पाठवण्यात आला आहे. म्हणजे अण्णासाहेबांकडे. १० ऑगस्टला तिने दुसरा अर्ज केला, त्याला उत्तर आले नाही. महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांपैकी दोघांनी तिला पान बदलण्याचा सल्ला दिला. तिसऱ्याने तिच्याशी बोलणे टाळले. प्राचार्य म्हणाले, "आपल्या विद्यापीठाची पहिलीच पीएच.डी. आहे बाई, त्याला गालबोट लावू नका."

"गालबोट मी लावून राह्यले का?" तिने विचारले. प्राचार्यांना तासाला जायचे होते.

बुधवार, २१ ऑगस्ट. दुपारी चारच्या सुमारास ती जुन्या जालन्यात मुबारक बाइंडरच्या दुकानात गेली. एक प्रत विद्यापीठात अडकली होती. तिच्या जागी सहावी बांधून घ्यायची होती. दुकानात पुठ्ठ्याचा आणि खळीचा वास होता. मुबारक फळीवर वाकून बारीक पात्याने काहीतरी कापत होता. त्याच्यामागे, लाकडी स्टुलावर, सिराजोद्दीन सर बसले होते.

फळीवर तिच्या उरलेल्या चार प्रती होत्या. महाविद्यालयातल्या तिच्या कपाटातून सरांनी त्या आणल्या होत्या. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे. दोन प्रतींतले दुसरे, मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्राचे पान शिवणीपाशी कापून निघाले होते. शेजारी एक लिफाफा आणि अण्णासाहेबांच्या सहीची पाच कोरी-करकरीत पाने पडली होती.

मुबारकने पाते खाली ठेवले. "बाई, सरांनीच सांगितलं. मी बोललो, सर, आपलंच नाव आपण कापायला लावता का? तर बोलले, काप, जल्दी काप."

"उठा," सत्यशीला सरांना म्हणाली. सहा वर्षांत तिने त्यांच्याशी या आवाजात बोलण्याची ही पहिली वेळ होती. "उठा अन् मला सांगा, हे कोणी सांगितलं तुम्हाला करायला?"

"कोणी न्हाई. लिफाफा विद्यापीठातून प्राचार्यांकडे आल्ता. त्यांनी मला दिला. दहा दिवस उरलेत, बेटा."

"मला विचारलं?"

"तू न्हाई बोलली असती."

"मग न्हाईच होतं ते! माझा प्रबंध आहे. माझ्या कपाटातून उचलून आणला तुम्ही. त्यांनी तुम्हाला यादीतून काढलं, ते समजलं मला. पण तुम्ही स्वतःच स्वतःला कापून राह्यले. त्यांचं काम त्यांना तरी करू द्या!"

रस्त्यावरचे दोघे थांबून आत पाहू लागले. मुबारकने त्यांना हाताने पुढे जायला सांगितले.

सर उभे राहिले नाहीत. "मी ते पाचवं कलम लिहिलं," ते म्हणाले. "माझ्या हातानं. मला वाटलं, आपली यादी आपण केली की आपली माणसं त्यात येतील. मी लिहिलं न्हाई की कोणाची माणसं. चूक माझी आहे. तिचा खर्चा तू कामून भरायचा?"

ती उत्तर देणार होती. तेवढ्यात तिला लिफाफ्यात आणखी काही कागद दिसले. तिने ते बाहेर काढले. अण्णासाहेबांनी प्रबंध वाचला होता. मार्गदर्शक या नात्याने त्यांनी चार पानांचे शुद्धिपत्र जोडले होते आणि ते प्रबंधात शेवटी बांधावे, मजकुरातही लाल शाईने दुरुस्त्या कराव्यात, अशी सूचना केली होती.

"हे वाचलं तुम्ही?"

"न्हाई. पानंच काढली फक्त."

"वाचा."

सरांनी चष्मा लावला. पहिली ओळ: पृष्ठ ८८, '१३३३' ऐवजी '१९३३' वाचावे. दुसरी ओळ: पृष्ठ ९१, '१३४१' ऐवजी '१९४१' वाचावे. तिसरी, चौथी, पाचवी. चार पाने भरून, एकाखाली एक, सुबक अक्षरात. अखेरीस शेरा: 'सनावळीत टंकलेखनाचे दोष फार राहिले आहेत. संशोधकाने दक्षता घ्यावी.'

निजामाच्या राज्यात कचेऱ्यांचा कारभार फसली सनाने चाले. १३३३ फसली म्हणजे इसवी १९२३-२४. हे जालन्यात तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाला माहीत होते, मुबारकलाही. त्याच्या वडिलांच्या जन्माचा दाखला फसलीतच होता. अण्णासाहेबांना ते माहीत नव्हते, आणि त्यांनी कोणाला विचारले नव्हते.

सर वाचत गेले. जिनिंगमधल्या बाईची रोजची मजुरी १३३३ साली सहा आणे होती. १३४१ साली, जागतिक मंदीत, ती चार आण्यांवर आणली गेली. त्यानंतर बायकांनी अकरा दिवस काम बंद ठेवले. प्रबंधाचा तो कणा होता. शुद्धिपत्राप्रमाणे मंदी उरतच नव्हती. मजुरीची कपात थेट महायुद्धात जात होती, आणि कामबंदीला कारणच राहत नव्हते.

"शेवटचं पान पाहा," सत्यशीला म्हणाली. "तेराशे सत्तावनचं एकोणीसशे सत्तावन केलं. निजामाला नऊ वर्षं वाढवून दिली त्यांनी. पोलीस ॲक्शन झालीच न्हाई."

मुबारक हसला. सर हसले नाहीत. त्यांची मान खाली होती, आणि ते बोलले तेव्हा आवाज इतका चढला की मुबारकचे हसू थांबले.

"चार वर्षं! चार वर्षं आपण एक-एक सन तपासला. त्या अहवालाला उधई लागली होती, तू कागद फुंकून वाचत होती. आणि हा माणूस... यानं एका माणसाला विचारलं न्हाई. बाजारात कोणालाबी विचारलं असतं! माझं नाव न्या म्हटलं मी. नाव न्या. पण हे? हे त्या बायांचं आहे. हे देणारा मी कोण?" त्यांनी शुद्धिपत्र फळीवर आपटले. खळीची वाटी कलंडली. "मुबारक, पातं आत ठेव. बाकीच्याला बिलकुल हात लावू नको. ही पाच पानं उचल इथून."

"कुठं टाकू?"

"टाकू नको," सत्यशीला म्हणाली. "मला दे. शुद्धिपत्रासकट."

कापलेल्या दोन प्रतींसाठी आणि नव्या प्रतीसाठी मार्गदर्शकाची तीन पाने पुन्हा टंकित करावी लागली. ती २३ ऑगस्टला तयार झाली. आधीच्या दोन प्रतींवर सरांच्या सह्या मराठीत होत्या. १९५० सालापासून त्यांनी सरकारी कागदावर उर्दूत सही केलेली नव्हती. या तीन पानांवर त्यांनी उर्दूत केली.

"सर, हे कारण काढतील."

"काढू दे. निदान एक कारण तरी त्यांना खरं मिळू दे."

सोमवारी, २६ ऑगस्टला, ती पाच प्रती घेऊन पुन्हा आवक विभागात गेली. साहेबरावांनी प्रत उघडलीसुद्धा नाही.

"बाई, तोंडी हुकूम आहे. तुमचा प्रबंध हातानं आला तर घ्यायचा न्हाई. मंडळाकडून चिठ्ठी आणायची."

"हुकूम लेखी द्या."

"तोंडी आहे म्हणलं ना." त्यांनी आजूबाजूला पाहिले, मग रजिस्टर उघडून त्यात बघत बोलले. "हातानं आलेलं मला परत करता येतं. टपालानं आलेलं न्हाई. रजिस्टर टपाल आलं की क्रमांक टाकावाच लागतो, मंग ते कोणाचंबी असो. नियम आहे. जुनाच आहे, अजून कोणी बदलला न्हाई."

सत्यशीलाने प्रती पुन्हा गाठोड्यात बांधायला घेतल्या.

"अजून एक सांगू का? ७ डिसेंबरला दीक्षांत आहे. स्वतःच्या अधिकारातली पहिली पीएच.डी. द्यायची, फोटो काढायचा, पाहुणे बोलावले. कार्यक्रमपत्रिकेत 'पहिले पीएच.डी. स्नातक' म्हणून ओळ सोडली आहे, मार्गदर्शकाच्या नावासकट." त्यांनी पान उलटले. "सगळ्या विद्यापीठात तयार झालेला दुसरा प्रबंधच न्हाई, बाई. तुमचा एकच आहे."

परत येताना एसटीत तिला बसायला जागा मिळाली नाही. प्रतींचे गाठोडे तिने जालन्यापर्यंत मांडीऐवजी खांद्यावर आणले. सरांना तिने इतकेच सांगितले की अण्णासाहेबांना तिची जितकी गरज आहे तितकी तिला त्यांची नाही. सरांनी विचारले, आणि त्यांनी पदवीच नको म्हटली तर? ती म्हणाली, मग पहिली पदवी कोणाला द्यायची ते त्यांनी सभागृहात उभे राहून सांगावे.

बुधवार, २८ ऑगस्ट, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी जालन्याच्या टपाल कचेरीतून पाच प्रती पोचपावतीसह रजिस्टर टपालाने कुलसचिवांच्या नावे रवाना झाल्या. वजन जास्त भरल्याने दोन पार्सले करावी लागली. दुसऱ्या पार्सलात तिने अण्णासाहेबांचे शुद्धिपत्र आणि त्यांच्या सहीची पाच पाने घातली. सोबत एक पानी पत्र होते. त्यात तिने १३३३ फसली म्हणजे काय ते दोन ओळींत लिहिले होते आणि मार्गदर्शकाची निवड विद्यापीठाच्या विद्वत्सभेने प्रबंध आणि हे शुद्धिपत्र शेजारी ठेवून करावी, अशी मागणी केली होती. पत्राच्या प्रती विद्वत्सभेच्या बावीस सदस्यांना वेगळ्या टपालाने पाठवल्या. प्राचार्यांनी त्याच दिवशी तिला लेखी विचारणा केली की पत्रावर महाविद्यालयाचा पत्ता का वापरला.

शनिवारी, ३१ ऑगस्टला, नोंदणीची मुदत संपली.

सोमवार, २ सप्टेंबर. सकाळी साडेदहाला तिने महाविद्यालयाच्या कचेरीतून विद्यापीठाला फोन लावला. बाराला तो लागला. आवक विभागात साहेबराव नव्हते. त्यांची शुक्रवारी परीक्षा विभागात बदली झाल्याचे नव्या कारकुनाने सांगितले. शुक्रवारच्या टपालात जालन्याची दोन पार्सले आली होती का, या प्रश्नावर, शुक्रवार-शनिवारचे टपाल अजून नोंदवलेले नाही, असे उत्तर मिळाले. ते आले आहे का, एवढेच सांगा, असे तिने म्हटले. नोंदवल्याशिवाय ते आले असे म्हणता येत नाही, असे तो म्हणाला आणि फोन ठेवला गेला.

विद्वत्सभेच्या बावीस सदस्यांपैकी एकाचे उत्तर आले होते. त्यात त्यांनी पत्र मिळाल्याचे कळवले होते. प्रबंध मुदतीत पोचल्याचा पुरावा ठरेल असे पोचपावतीचे कार्ड दुपारी तीनच्या टपालात नव्हते.